घाट उतरताना कॅम्परचा ब्रेक मऊ पडतो, खाली आलं की ठणठणीत: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

ट्रॅव्हलर किंवा तसल्याच मोठ्या व्हॅनवर बांधलेली कॅम्पर (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय केलेली गाडी) पहिल्यांदा घाटात नेली की मालकाचा फोन ठरलेला. चढताना काही त्रास झाला नाही. उतरताना अर्ध्यावर जळका वास आला, पेडल खोल जायला लागलं, घाम फुटला. पायथ्याला चहाला थांबलो, अर्ध्या-पाऊण तासाने बघितलं तर ब्रेक एकदम ओके. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने आवारात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, काही नाहीये, आणा पुन्हा काही झालं तर. पुढच्या घाटात पुन्हा तेच.

गॅरेजवाला खोटं बोलत नसतो. हा दोष गरम गाडीत असतो आणि गाडी त्याच्याकडे पोचते थंड होऊन. त्यामुळे पॅड बदलले जातात, बिल होतं, आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं. म्हणून आधी लक्षणं नीट बघा. कुठलं लक्षण आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

लक्षणं

पेडल मऊ लागतं, नेहमीपेक्षा खोल जातं, भराभर दोन-तीनदा मारलं की थोडं वर येतं: ब्रेक ऑइल उकळलंय किंवा लाइनमध्ये हवा आहे. सगळ्यात धोक्याचं लक्षण हेच.

पेडल नेहमीच्या उंचीवरच आहे, टणक आहे, पण कितीही दाबलं तरी गाडी हवी तशी धरत नाही, वर जळका वास: पॅड (डिस्क ब्रेकमधले घासणारे तुकडे) किंवा लायनर (ड्रम ब्रेकमधले) तापून गुळगुळीत झालेत. ऑइल अजून शाबूत आहे.

पेडल कमालीचं कडक, पाय रोवून उभं राहावं लागतं: बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) व्हॅक्यूम मिळत नाही. हे तापण्याचं लक्षण नाही, पण घाबरलेल्या माणसाला फरक कळत नाही.

दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते, किंवा थांबल्यावर एकाच चाकापाशी उठून दिसणारी धग आहे: त्या किंवा पलीकडच्या बाजूच्या चाकाचा ब्रेक अडकलाय.

स्टिअरिंग किंवा पेडल थरथरतं: डिस्क वाकडी झाली किंवा ड्रम गोल राहिला नाही.

वास चढताना येत असेल तर तो बहुतेक वेळा क्लचचा. तो वेगळा विषय.

घाटात असतानाच हे वाचत असाल तर

(गाडी चालवणाऱ्याने नाही, शेजारच्याने वाचायचं.) इंजिन बंद करू नका, न्यूट्रल करू नका. इंजिन बंद झालं की बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात, आणि किल्ली फिरवण्याच्या नादात स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. एकेक करत गिअर खाली आणा. पेडल मऊ असेल तर भराभर पंप करा. हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम नको. हॉर्न आणि हॅझर्ड चालू. अगदीच काही उरलं नाही तर दरीची बाजू सोडून डोंगराच्या अंगाला गटारात चाक घाला. पत्रा परत बसवता येतो.

थांबलात की चाकांना चांगले मोठे दगड लावा. तोंड उताराकडे असेल तर इंजिन बंद करून रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा आणि पुढची चाकं डोंगराकडे वळवून ठेवा. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक करकचून ओढून ठेवला तर गार होताना तो तसाच चिकटून बसू शकतो. म्हणून दगड आणि गिअर पुरत असतील तर हँडब्रेक सोडा, शंका असेल तर राहू द्या. चाकावर बादलीभर पाणी ओतायचा मोह आवरा, लाल तापलेली डिस्क गार पाण्याने तडकते. पाऊण तास नुसतं थांबा.

एवढी उष्णता येते कुठून

महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर. आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलात की चाळीसेक किलोमीटरमध्ये जवळजवळ १३०० मीटर खाली येता. साडेतीन टनांची गाडी तेवढी खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती बारा युनिटांहून जास्त. दोन किलोवॉटचा गीझर सलग सहा तास चालवल्यावर मीटर जेवढा फिरेल तेवढी. त्यातली काही टायर आणि वारा खातात. उरलेली खायची कुणी, इंजिनने की ब्रेकने, हे गिअरच्या दांड्यावर ठरतं. बाकी सगळ्या तपासण्या या एका हिशेबाभोवती फिरतात.

१. गिअर (खर्च शून्य)

फोनवर माझा पहिला प्रश्न हाच असतो: कुठल्या गिअरमध्ये उतरलात? उत्तर बहुधा "चौथा, कधी तिसरा". तिथेच निम्म्या केसेस मिटतात.

जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. भरलेल्या कॅम्परला मी त्याहून एक खालचा सांगतो, कारण आजची टर्बो इंजिनं चढाला वरच्या गिअरमध्येही ओढून नेतात, पण उताराला त्या गिअरमध्ये पुरेशी धरत नाहीत. त्यात डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल हवा अडवत नाही, म्हणून डिझेलचं इंजिन-ब्रेकिंग मुळातच कमी. आंबेनळी, वरंधा, कुंभार्ली, करूळ अशा घाटांत तीव्र उताराला दुसरा गिअर म्हणजे काही कमीपणा नाही. मागून हॉर्न मारणाऱ्याला जागा बघून पुढे सोडा.

गिअर उतार सुरू होण्याआधी पाडा. वेग वाढल्यावर पाडायला गेलात तर तो पडत नाही, आणि मधल्या मधे न्यूट्रलमध्ये दोन सेकंद जातात. इंजिन ओरडतं म्हणून घाबरू नका, काटा लाल रेषेच्या खाली असेपर्यंत ते ओरडू द्या.

ब्रेक मारायचा तो दाबून आणि सोडून. वेग चाळीसवर गेला, ठणकावून तीसवर आणला, पाय काढला. पाय काढलेला असतो तेवढ्या वेळातच चाकात वारा शिरून ब्रेक गार होतो. नवखे लोक पेडलवर पाय हलका टेकवून अख्खा घाट उतरतात. त्यांना वाटतं आपण जपून चालवतोय, आणि पॅड एक क्षणही डिस्क सोडत नाहीत.

ऑटोमॅटिक असेल तर डी मध्ये सोडून देऊ नका, मॅन्युअल मोड किंवा एल (खालचा गिअर) वापरा. अमेरिकेत मोटरहोम भाड्याने घेऊन रॉकीजमध्ये जाणाऱ्यांनी गिअरच्या दांड्यावर किंवा आसपास टो-हॉलचं बटण शोधावं. ते चढापुरतं असतं असा समज आहे, पण उतारावर गिअर खाली धरून ठेवायचं कामही तेच करतं.

२. वजन (चहा-नाश्त्याच्या पैशात)

गिअर बरोबर असूनही वास येत असेल तर गॅरेजच्या आधी वजनकाट्यावर जा. पाण्याची टाकी भरलेली, गॅस, गाद्या, सगळी माणसं, सामान, म्हणजे सहलीला निघता तशी गाडी. आरसी बुकात एकूण मान्य वजन लिहिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन एक पावती, मग पूर्ण गाडीची दुसरी. वजाबाकी केली की मागच्या ॲक्सलचं वजन कळतं.

इथे लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. एकोणीस एमएमचा प्लाय सगळीकडे, शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, दोन मोठ्या ट्युब्युलर बॅटऱ्या, टपावर सोलर आणि कॅरिअर, घरगुती भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या आसपास, वरून ग्रॅनाइटचा ओटा. हो, ग्रॅनाइट. मी स्वतः काढलाय एका गाडीतून, दोघांना धरून उतरवावा लागला.

जेवढं वजन जास्त, तेवढी उष्णता सरळ प्रमाणात जास्त, आणि ब्रेकचा आकार मात्र कंपनीने दिला तेवढाच. पाणी पायथ्याच्या गावात भरा, वरून टाकी भरून उतरू नका. मान्य वजनाच्या वर असाल तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही, आधी सामान आणि फर्निचर कमी करा.

३. एकच चाक तापतंय का (दहा मिनिटं)

हा माझा आवडता तपास, कारण कॅम्परचा खरा आजार इथेच सापडतो. घरची रोजची गाडी रोज फिरते. कॅम्पर जूनमध्ये झाकून ठेवली जाते ती दिवाळीला बाहेर निघते. चार महिने दमट हवेत, कोकणात असेल तर खाऱ्या हवेत. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकतात, पिस्टनला गंज धरतो, हँडब्रेकची केबल आतल्या आत आखडते. सपाटीला काही कळत नाही. घाटात ते एक चाक आधीच तापलेलं असतं, त्यात भर पडते.

करायचं असं: दहा-पंधरा किलोमीटर सपाट रस्त्यावर, होईल तितका कमी ब्रेक मारत चालवा. थांबताना इंजिनने वेग कमी करून शेवटी हँडब्रेकने थांबा. उतरून चारही चाकांच्या मध्याशी तळहात न टेकवता, चार बोटं लांब धरा. डाव्या-उजव्यात फरक जाणवता कामा नये. टेंपरेचर गन असेल तर उत्तम, पण ती कारखान्यात वापरतात ती हवी. कोविडमध्ये कपाळाला लावायची आणलेली माणसाच्या तापाच्या वर वाचतच नाही. गन नसेल तर बोटं ओली करून लोखंडी रिमवर दोन थेंब उडवा. चुर्र झालं तर ते चाक अडकलेलं आहे.

घाट उतरून आल्यावर हाच तपास केलात तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच, कारण ब्रेक मारताना वजन पुढे येतं. बघायचं ते डाव्याविरुद्ध उजवं.

चाक अडकलेलं आढळलं तर सपाट, पक्क्या जमिनीवर जॅक लावून, स्टँड देऊन ते हाताने फिरवा. घरघर आवाज आला तर बेअरिंग, नुसतं जड फिरत असेल तर ब्रेक. कॅलिपरच्या पिना साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावणं स्वस्त काम आहे. एक कारण मात्र भल्याभल्यांना चकवतं: रबरी होज (चाकापर्यंत ऑइल नेणारी नळी) आतून फुगलेला असतो. पेडल दाबलं की ऑइल जोराने आत जातं, सोडल्यावर परत यायला वाट सापडत नाही. बाहेरून होज नवाकोरा दिसतो. कॅलिपर बदलूनही चाक तापत राहिलं तर होजकडे बघा.

४. ब्रेक ऑइल (काही शे रुपये)

पेडल मऊ पडण्याचं मुख्य कारण हेच. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं, झाकण बंद असलं तरी. डॉट ४ (डॉट ३, डॉट ४ हे ऑइलचे प्रकार) ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या डॉट ४ साठी मानकातली किमान मर्यादा १५५ आहे. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. लांब उतारावर कॅलिपरपाशी हे तापमान गाठणं अवघड नाही. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खोल जातं. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी, आणि ब्रेक "आपोआप बरा".

शेवटचं ऑइल कधी बदललं हे आठवत नसेल, तर तेच उत्तर आहे. दोन वर्षांनी, आणि पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याआधीही, पूर्ण बदला. वरून थोडं काढून थोडं घालणं म्हणजे बदलणं नव्हे, खराब ऑइल चाकापाशी बसलेलं असतं. झाकणावर लिहिलेलाच प्रकार घाला. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. पातळी खाली गेलेली दिसली तर नुसतं भरून मोकळे होऊ नका. पॅड झिजले की पातळी उतरते, गळती असली तरी उतरते, आणि दोन्ही बघायला हवं.

बदलणं आणि हवा काढणं दोन माणसांचं काम आहे. स्वतः आधी केलेलं असेल तरच करा. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) काही गाड्यांमध्ये स्कॅनर लावल्याशिवाय आतली हवा निघत नाही, तिथे हात घालू नका.

५. पॅड, लायनर, डिस्क

पेडल टणक असूनही गाडी धरत नव्हती, तर इथे बघा. चाक काढून पॅडचा पृष्ठभाग बघायचा: काचेसारखी चकाकी आली असेल तर तो भाजलाय. जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर बदलायचाच. डिस्कवर निळे डाग म्हणजे ती फार तापून गेली आहे, बारीक तडा नखाला लागला तर डिस्क बाद. पॅड नेहमी जोडीने, दोन्ही बाजूंचे. ओरिजिनल आणि नकली यांच्या किमतीत मोठा फरक असतो. शहरात दोन्ही सारखेच थांबवतात, घाटात नाही.

मागे ड्रम असतील तर लायनरची ॲडजस्टमेंट बघून घ्या. ढिले लायनर म्हणजे सगळा भार पुढच्या डिस्कवर.

६. बूस्टर (फुकट, एक मिनिट)

खरं तर हा सगळ्यात सोपा तपास, पण तो फक्त कडक पेडलसाठी आहे म्हणून खाली ठेवला. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली जरासं खाली बसलं पाहिजे. नाही बसलं तर व्हॅक्यूम पाइप, वन-वे व्हॉल्व्ह, व्हॅक्यूम पंप किंवा बूस्टर यातलं काहीतरी. डिझेल गाडीत व्हॅक्यूम वेगळा पंप तयार करतो, त्याची नळी चिरलेली सापडते कधीकधी.

मनाली-लेहला जाणाऱ्यांसाठी: बूस्टर बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतो. पाच हजार मीटरच्या वर, म्हणजे तंगलांग ला सारख्या खिंडीत, तो दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, त्यामुळे मदतही तेवढीच. तिथे पेडल जड लागणं हा दोष नाही. पायाला जास्त जोर लागेल हे धरून चालवा आणि गिअर आणखी खाली ठेवा.

७. मागचा पाटा आणि लोड व्हॉल्व्ह

हे फक्त बांधणी केलेल्या गाड्यांत सापडतं, आणि साध्या गॅरेजमध्ये कुणी बघत नाही. बऱ्याच जुन्या व्हॅनमध्ये मागच्या ॲक्सलला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी मागे किती दबली आहे यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवतो. आता कॅम्पर बांधली, मागे बसायला लागली, म्हणून मालकाने मागच्या स्प्रिंगमध्ये एक पाटा (लोखंडी पट्टी) वाढवून घेतला. गाडी उचलली गेली, दिसायला छान. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. तो मागचा दाब कापतो, आणि भरलेल्या गाडीचं सगळं ओझं पुढच्या दोन डिस्कवर येतं. पुढची चाकं भयंकर गरम, मागची कोमट, असं दिसलं आणि पाटा वाढवलेला असेल तर जवळजवळ नक्की हेच. याची ॲडजस्टमेंट अंदाजाने करायची नाही. जास्त दाब दिला तर ओल्या वळणावर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

पेडल गार असतानाही मऊ आहे. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकतं (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर खराब). चाकाच्या आतल्या बाजूला किंवा बूस्टरपाशी ओल दिसते. ब्रेकचा किंवा एबीएसचा दिवा जात नाही. डिस्कला तडा आहे. लोड व्हॉल्व्हचा संशय आहे. यातलं एकही असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंग मागवा, घाटाच्या मधोमध असलात तरी. "हळूहळू खाली नेतो" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. एकदा पेडल पूर्ण तळाला लागून गेलं असेल तर गार झाल्यावर कितीही चांगलं वाटलं तरी ऑइल बदलल्याशिवाय पुढचा उतार नाही.

आणि मेकॅनिककडे जाताना "घाटात ब्रेक जातो" एवढंच सांगू नका, तो आवारात फेरी मारून परत देईल. कागदावर लिहून द्या: कुठला घाट, कुठला गिअर, पेडल मऊ होतं की टणक, कुठलं चाक गरम, ऑइल शेवटचं कधी बदललं, पाटा वाढवलाय का. सोबत काट्याची पावती. काम झाल्यावर गाडी सहलीएवढी भरून त्याच्यासोबत एखादा छोटा घाट उतरून बघा, पुण्याकडे असाल तर दिवे घाट पुरतो. खाली आल्यावर बिलाचे पैसे देण्याआधी चारही चाकांजवळ हात धरून बघा.